उतरलेले वजन टिकते कशाने?

जून महिन्यातल्या एका रविवारी मिस्सा संपली आणि बाहेर पाऊस कोसळू लागला. लोक पडवीत थांबले. त्या गर्दीत आमच्या ओळखीच्या दोन जावा आमच्यापाशी आल्या. दोघींच्या हातात एकेक घडी घातलेला कागद होता. मोठीच्या कागदावर लिहिले होते, दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही खाऊ नका. धाकटीच्या कागदावर लिहिले होते, दर दोन तासांनी थोडेथोडे खा, पोट रिकामे ठेवू नका. दोघींचे वजन वाढलेले, दोघींना ते उतरवायचे, आणि घरात चूल एक. सकाळी धाकटी केळे सोलते तेव्हा मोठी पाणी पिऊन बसते. मोठी दुपारी पोटभर जेवते तेव्हा धाकटी अर्धी वाटी भात घेऊन उठते. सासूबाईंनी दोघींना सांगून टाकले होते की एक दिवस हे दोन्ही कागद चुलीत जाणार. "खरे कोणते ते तुम्हीच सांगा," असे म्हणून त्या दोघी आमच्याकडे पाहत राहिल्या.

आम्ही हसलो आणि पाऊस थांबल्यावर सांगतो म्हणालो. पण पुढच्याच आठवड्यात हसण्यासारखे काही राहिले नाही. मोठ्या जावेच्या नवऱ्याला सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्याच्या गोळ्या चालू आहेत. बायकोचे दोन किलो उतरलेले पाहून त्यानेही कोणाला न विचारता जेवण कमी केले. दोनदाही नाही, एकदाच. गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच घेत राहिला. भाटात काजूच्या झाडांखालचे रान काढताना त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, आणि कोयता हातातून सुटून पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडला. मुलगा जवळ होता, त्याने पळत जाऊन गुळाचे पाणी आणले, म्हणून बरे. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

प्रथम, हा विषय शेतकऱ्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. लठ्ठपणा हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा, आपण तर मातीतले लोक, असे आपण मानतो. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने सगळ्या राज्यांत केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक निघाले ते आपल्या गोव्यात, शंभर प्रौढांमागे २६.४. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली, तीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३६ जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. हे आकडे केवळ पणजी-मडगावचे नव्हेत. आपल्या सत्तरीतही आता मासोर्ड्याहून वाळपईच्या बाजाराला चालत कोण येतो? स्कूटर आली, नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, विळ्याच्या जागी गवत कापण्याचे यंत्र आले. होंडा-पिसुर्ले भागात खाणींच्या दिवसांत कितीतरी तरुणांनी मळा सोडून ट्रकाचे चाक धरले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पण त्यांतल्या अनेकांची कुदळीची सवय काही परत आली नाही. काम अर्धे झाले, ताटातला भात तेवढाच राहिला. यंत्र आले त्याला आमचा विरोध नाही. कंबर मोडेपर्यंत राबणे यात काही पुण्य नाही. पण हिशेब बदलला, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी, की आपल्या अंगावर चरबी दिसते त्यापेक्षा अधिक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मांस, चरबी जवळपास तेवढीच. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. मात्र इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्यावर विसंबू नये. शिंप्याची फीत घ्यावी, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाभोवती धरावी, श्वास सोडून मोजावे. पुरुषाचे ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचे ८० सेंटिमीटर यापुढे गेले की काळजी घेण्याची वेळ आली असे समजावे. पोट आत ओढून मोजू नये. फितीला फसवून साखर फसत नाही.

आता त्या दोन कागदांकडे वळू.

मोठ्या जावेच्या कागदावरची पद्धत मराठी घराघरांत पोहोचली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांमुळे. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा; ते २००४ साली अपघातात वारले. दिवसात कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनदाच जेवायचे, एकेक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढेच, आणि रोज ४५ मिनिटे झपझप चालायचे. त्यामागचे कारण असे सांगितले जाते की आपण खातो तितक्या वेळा शरीरात इन्शुलिन नावाचा रस सुटतो, आणि तो रक्तात फिरत असेपर्यंत साठवलेली चरबी बाहेर निघत नाही.

धाकटीच्या कागदाचा उगम मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या सांगण्यात आहे. त्यांचे इंग्रजी पुस्तक २००९ साली आले आणि खूप खपले. त्यांचे म्हणणे, थोडे थोडे आणि वेळेवर खा, उपाशी राहून मग तुटून पडू नका. भात, तूप, खोबरे, केळे यांना घाबरू नका, आजी खात होती ते खा, पुडीतले खाऊ नका. या दोन मतांवरून २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात वर्तमानपत्रांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत वाद चालला. फोनवरून तो सत्तरीतही येऊन पोहोचला.

खरे कोणते? या प्रश्नाचे उत्तर मतांनी मिळत नाही, माणसांना दोन गटांत वाटून दोन्ही पद्धती पाळायला लावून पाहावे लागते. तसे प्रयोग झालेले आहेत. कॅनडात १६ लठ्ठ माणसांना आठ आठवडे सारखेच उष्मांक दिले. काहींना तीन वेळा, काहींना सहा वेळा. वजन दोन्हीकडे सारखेच उतरले. झेक देशातल्या प्राग शहरात ५४ मधुमेही लोकांना बारा आठवडे दिवसातून दोनदा आणि बारा आठवडे सहा वेळा जेवण दिले. तिथे दोन जेवणांत वजन ३.७ किलो उतरले, सहा जेवणांत २.३ किलो. म्हणजे मोठी जिंकली असे म्हणता येईल, पण त्या लोकांची दोन जेवणे सकाळची आणि दुपारची होती. आपल्याकडे दोनदा जेवणारा सकाळचे सोडतो आणि रात्री साडेनऊला पातेले रिकामे करतो. चीनमध्ये ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर प्रयोग झाला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी उष्मांक सारखेच कमी केले. अर्ध्यांनी शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्ले. वर्षाअखेर त्यांचे वजन आठ किलो उतरले, बाकीच्यांचे ६.३ किलो, आणि हा फरक योगायोगाचा असू शकतो इतका लहान ठरला.

तेव्हा आमचे मत असे. इन्शुलिनची गोष्ट खोटी नाही, पण ती पूर्ण गोष्ट नाही. दिवसभरात एकूण किती गेले, हे किती वेळा गेले यापेक्षा मोठे आहे. दोन जेवणांच्या पद्धतीचा खरा गुण असा की ती मोजायला सोपी आहे: दोन जेवणे म्हणजे दोन, त्यात अकराचा साखरेचा चहा, चारचे बिस्किट आणि दुकानाच्या बाकावरची भजी आपोआप सुटतात. दुसऱ्या पद्धतीचा खरा गुण असा की ती माणसाला आपल्या अन्नाची लाज वाटू देत नाही आणि उपाशीपोटी येणारा वखवखाट टाळते. तिचा धोका हा की 'थोडे' या शब्दाला माप नाही. सहा वेळा थोडे खाता खाता तीन वेळचे पोटभर कधी होते ते कळत नाही. मुठीभर भाजलेले काजूगर, साधारण ३० ग्रॅम, म्हणजे १७० उष्मांक. आपल्याकडे काजू घरचेच, डबा हाताशी, आणि मूठ काही एकच राहत नाही.

मग भाताचे काय? मोठ्या जावेने हाही प्रश्न केला होता, भात सोडू का म्हणून. भात-पाव सोडून वजन उतरवण्याची कल्पना नवी मुळीच नाही. विल्यम बँटिंग नावाचा लंडनचा शवपेट्या करणारा एक गृहस्थ १८६२ साली इतका लठ्ठ झाला होता की त्याला बुटाची नाडी बांधता येईना. डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटे, बिअर बंद केली. वर्षभरात त्याचे वीस किलो उतरले आणि १८६३ साली त्याने त्यावर पुस्तिका काढली. तेव्हापासून दर काही वर्षांनी कोणीतरी हीच गोष्ट नव्या नावाने विकतो. उलट दुसरा पंथ म्हणतो तेल-तूप सोडा. यांची झुंज अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने लावली आणि २०१८ साली निकाल छापला. ६०९ माणसे, वर्षभर. अर्ध्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, अर्ध्यांनी पिष्टमय. पहिल्यांचे ५.३ किलो उतरले, दुसऱ्यांचे ६. फरक नाहीच म्हणायचा. पण दोन्ही गटांत काहींचे पंचवीस किलोंच्याही वर उतरले आणि काहींचे उलट वाढले. पद्धतीपद्धतींत फरक नव्हता, माणसामाणसांत होता. आणि दोन्ही गटांना एक गोष्ट सारखीच सांगितली होती: भाजी भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा, शक्यतो घरी रांधलेले खा.

स्वतःच्या मळ्यातले उकडे तांदूळ कणगीत असताना बाजारातून परदेशी धान्याचा डबा आणायचा, हे आम्हांस पटत नाही. भात सोडलेला शेतकरी आम्ही पाहिला आहे, तो तीन महिन्यांत परत भातावर येतो, आणि आला की दुप्पट खातो. पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या ताटात भाताचा डोंगर, त्यावर कढी, कडेला माशाचा एक तुकडा आणि बोटभर भाजी, ही रचना नांगर धरणाऱ्यासाठी होती. मातीत कुदळ मारणारा माणूस तासाला तीनशेच्या आसपास उष्मांक जाळतो. दुकानात किंवा स्कूटरवर बसलेला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. उकडा तांदूळ पचायला थोडा सावकाश, म्हणून रक्तातली साखर जरा हळू वाढते, हे खरे. पण उष्मांक सुरय तांदळात जेवढे तेवढेच उकड्यात. उकडा आहे म्हणून दोन ताटे चालतात, असे नाही.

आता आमच्या मते या लेखाचा खरा गाभा. वजन उतरवणे अवघड नाही. जवळजवळ कोणत्याही कागदाने पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच किलो उतरतात. ते परत का येते?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे हे त्यांना शिकायचे होते. त्या तरुणांचे वजन पाव हिश्शाने घटले. पण त्याबरोबर त्यांना थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुढे मनमुराद खायला मिळाले तेव्हा पोट भरूनही भूक शमेना. हे काही हलक्या मनाचे लोक नव्हते; शस्त्र धरणार नाही असे विवेकाला स्मरून सांगणारे, निश्चयाचे लोक होते. भुकेपुढे निश्चय किती टिकतो याचा हा नमुना.

अगदी अलीकडे, अमेरिकेत दूरदर्शनवर लठ्ठ लोकांची वजन उतरवण्याची शर्यत होत असे, तिच्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले. शर्यतीत सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यांतले ४१ परत आले होते. आणि त्यांचे शरीर विश्रांतीत जेवढे उष्मांक जाळायला हवे त्याहून रोज पाचशेच्या आसपास कमी जाळत होते, सहा वर्षांनंतरही! ऑस्ट्रेलियात असेही दिसले की झपाट्याने वजन उतरवलेल्या माणसाच्या रक्तातले भूक वाढवणारे रस वर्षभरानंतरही चढलेलेच होते. दुष्काळ पडला आहे असे शरीर समजते आणि काटकसरीला लागते. आपल्या पूर्वजांना याच काटकसरीने वाचवले. म्हणून वजन परत आले की बायकोला, आईला किंवा स्वतःला 'जिभेवर ताबा नाही' म्हणून हिणवू नये. जिभेचा दोष असतोच, पण सगळा तिचा नसतो.

हेच नव्या इंजेक्शनांबद्दल. सेमाग्लुटाइड आणि त्या जातीची औषधे वजनासाठी २०२५ साली आपल्या देशात बाजारात आली. ती भूक खरोखर कमी करतात. पण परदेशातल्या प्रयोगात ती थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला. ज्याला डॉक्टरांनी गरज म्हणून दिली त्याने घ्यावी. सणापूर्वी बारीक दिसण्यासाठी कर्ज काढून घेऊ नये.

मग कोणाचे टिकते? अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली आहे. साडेतेरा किलो किंवा अधिक वजन उतरवून निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची ती वही, आणि तीत दहा हजारांवर नावे आहेत. त्यांनी वजन उतरवले नाना पद्धतींनी, कोणी या कागदाने, कोणी त्या. टिकवले मात्र बहुतेकांनी सारख्याच रीतीने: दहांतले नऊ जण रोज सरासरी तासभर चालतात किंवा तेवढे श्रम करतात, चारांतले तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात, बहुतेक जण सकाळची न्याहारी सोडत नाहीत, आणि दूरदर्शनपुढे ते कमी बसतात. वजन उतरवणारी पद्धत आणि टिकवणारी पद्धत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आम्हांला त्या वहीवरून कळले. पाच किलोमीटर चालण्यात साधारण अडीचशे उष्मांक जातात, म्हणजे दोन पावांएवढेच; केवळ चालून वजन उतरत नाही असे म्हणतात ते यामुळे. पण उतरलेले धरून ठेवायला चालण्यासारखे दुसरे काही नाही.

"पूर्वीची माणसे कुठे हिशेब करत होती, तरी सडपातळ होती," असे वडीलधारे म्हणतात. त्यांचा मान राखून सांगतो, पूर्वीची माणसे सडपातळ होती कारण श्रावणात कणगी रिकामी होत असे. कुमेरीवरची नाचणी आणि वरी संपली की रानातला तायकिळा, आकूर, बांबूचे कोंब आणि करांदे यांवर दिवस निघत. ती भूक पुन्हा कोणाला न यावी. मात्र त्या भुकेच्या दिवसांतले अन्न आज भरल्या घरात फार कामाचे आहे. पाणी आणि चोथा भरपूर, उष्मांक थोडे, पोट भरते. नाचणीची भाकरी, कुळथाचे सार, अळसांद्यांची भाजी, पहिल्या पावसानंतरचा तायकिळा खोबऱ्याच्या चिमटीसह: वजन उतरवणाऱ्याला यापेक्षा चांगले काही शहरातला आहारतज्ज्ञ देऊ शकणार नाही. पेजेलाही तसेच. मूठभर तांदळाची पातळ पेज पोटाला जे समाधान देते ते मैद्याच्या दोन पावांनी मिळत नाही. मात्र पेजेबरोबर लोणच्याच्या जोडीला सुके बांगडे भाजून किंवा उसळ घ्यावी, नुसती पेज दीड तासात उतरते.

चुलीपाशी करण्यासारखे जे आहे ते थोडक्यात लिहितो. ताट वाढताना आधी भाजी आणि तवशे वाढावे, अर्धे ताट भरेपर्यंत. मग मासळी, अंडे किंवा कडधान्य. भाताला उरेल ती जागा. नेमके उलट आपण करतो. बांगडा-तारले रव्यात घोळून तळण्याऐवजी हुमणात किंवा केळीच्या पानात भाजून. नारळ सोडू नये, पण एका मध्यम नारळाच्या खोबऱ्यात हजाराच्या आसपास उष्मांक असतात, तेव्हा घरातली माणसे मोजून नारळ फोडावा. पोदेराकडून घ्यायचे तर उंड्यापेक्षा पोळी बरी, पण तिच्यात कोंडा आहे की मैद्यावर नुसता भुरभुरवला आहे ते तोडून पाहावे. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे दोनशे उष्मांक. वर्षाला त्यांचा हिशेब नऊ किलो चरबीइतका होतो. शरीर स्वतःही थोडे जुळवून घेते, त्यामुळे नऊ किलो काही चढत नाहीत, पण काही तरी चढतातच. आणि पुरुष मंडळींनी हेही वाचावे: साठ मिलिलिटर काजू फेणीत दीडशेच्या आसपास उष्मांक असतात, उर्राकच्या मोठ्या पेल्यातही तेवढेच, त्यात गोड सोडा घातला तर वेगळे. एप्रिल-मे महिन्यांत भट्टी चालू असते, चव घ्यावी लागते, हे आम्ही जाणतो. तीन पेल्यांना चव म्हणत नाहीत.

उपवासकाळाबद्दल एक वाक्य. प्रायश्चित्ताचा उपवास आणि वजनाचा उपवास यांची गल्लत करू नये. आमच्या माहितीत काही मंडळी करेझमचे चाळीस दिवस मांस सोडतात, सहा किलो उतरवतात आणि पास्काच्या आठवड्यात सोरपोतेल-सान्नांवर ते परत मिळवतात. उपवास देवासाठी केला असेल तर काट्यावर उभे राहण्याची गरज नाही, आणि काट्यासाठी केला असेल तर चाळीस दिवस फार थोडे.

आता औषधांचे. हा भाग न वाचता कोणी पान उलटू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिनची सुई अन्न पोटात गेले आहे असे धरूनच काम करतात. जेवण अर्धे केले आणि औषध तेवढेच ठेवले तर रक्तातली साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार, बरळणे, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर बेशुद्धी. शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी किंवा गूळ लगेच द्यावा, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावा, आणि मग जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. दोन जेवणे असोत की सहा, मधुमेही माणसाने आहार बदलण्यापूर्वी वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या कमी करायच्या का हे विचारावे. वजन घटले की गोळ्या घटू शकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या प्रयोगात, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवले तेव्हा वर्षाअखेर शंभरांतल्या ४६ जणांची साखर गोळ्यांवाचून ताब्यात आली होती. पण गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, रोग्यांनी नव्हेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, वाढत्या मुलांनी, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कोणताही कागद घरी आणू नये.

त्या दोन जावांना आम्ही काय सांगितले, हे राहिलेच. दोघींनी आपापला कागद ठेवावा असे सांगितले. ज्या पद्धतीने वर्षभर जगता येईल ती तिची. मोठीला दोन जेवणे सोयीची, कारण तिला सकाळी मुळातच भूक लागत नाही. फक्त दुसरे जेवण दिवेलागणीच्या आत घ्यायला सांगितले. धाकटी पहाटे चारला उठून गाईचे काढते, तिला सकाळी खाल्ल्याशिवाय चालणार नाही. तिने तीन वेळा खावे, सहा नको, आणि काजूचा डबा वरच्या फळीवर ठेवावा. चुलीवर मात्र दोघींसाठी एकच रांधावे. भाजी दुप्पट, भाताचे माप एक निपटे कमी.

माप कमी करायला सासूबाई तयार नव्हत्या. पाहुणा आला तर, असे त्यांचे म्हणणे. शेवटी ठरले की माप पूर्वीचेच राहील आणि उरलेला भात रात्री पाण्यात घालून सकाळी शिळ्या भाताची पेज होईल, ती धाकटीची न्याहारी. नवऱ्याची एक गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आहे आणि दर महिन्याला साखर तपासायला बोलावले आहे. गेल्या रविवारी तो भेटला. फीत खिशातच घेऊन हिंडतो; पडवीत उभ्या उभ्या मोजून दाखवली, ९७. जूनमध्ये १०१ होती म्हणाला.